दान, डाव आणि निर्णय : वेरूळच्या सारीपाटापासून निवडप्रधान संगणकीय खेळापर्यंत

प्रस्तावना :

खेळाचा इतिहास हा मराठीत तुलनेने दुर्लक्षित राहिलेला विषय आहे. राजकीय घराणी, लढाया, महसूल, जातिव्यवस्था यांवर विपुल लेखन झाले. परंतु माणसे फावल्या वेळात काय खेळत होती आणि त्या खेळांतून जगाविषयी कोणती समजूत बाळगत होती, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले. आज घरोघरी मोबाईल व संगणक आल्यानंतर हा प्रश्न नव्याने उभा राहतो. गेल्या दोन-तीन दशकांत येथील तरुण पिढी प्रामुख्याने मारधाडीच्या, म्हणजेच ॲक्शन प्रकारच्या खेळांवर वाढली. ती आता एका वेगळ्या खेळप्रकारासमोर येऊन उभी आहे. या प्रकारात बंदूक चालवावयाची नसते, शर्यत जिंकावयाची नसते. समोर आलेल्या प्रसंगी निर्णय घ्यावयाचा असतो आणि त्या निर्णयानुसार कथा पुढे सरकते. ॲक्शन खेळाला सरावलेला खेळाडू अशा खेळात गोंधळतो. ‘यात खेळायचे काय?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. हा गोंधळ केवळ नव्या तंत्रज्ञानामुळे निर्माण झालेला नसून खेळातील कौशल्य, दैव आणि निवड या तीन शक्तींच्या जुन्या संबंधांशी निगडित आहे, अशी या लेखाची मांडणी आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील शिल्प, वाङ्मय व परंपरा यांतून दिसणाऱ्या खेळविषयक विचाराचा आढावा घेणे.
२) कौशल्यप्रधान व निवडप्रधान संगणकीय खेळांतील भेद स्पष्ट करणे.
३) ॲक्शन खेळाडूच्या अनुभवात होणाऱ्या बदलाचा ऐतिहासिक अर्थ लावणे.

याकरिता ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

वेरूळच्या शिल्पांतील द्यूत :

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटर अंतरावरील वेरूळच्या लेण्यांचा १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. येथील सहाव्या-सातव्या शतकांतील शैव लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याचे शिल्प एकाहून अधिक ठिकाणी आढळते. लेणे क्रमांक १४ (रावण की खाई), क्रमांक २१ (रामेश्वर) आणि क्रमांक २९ (धुमार लेणे) ही त्यांची ठळक उदाहरणे होत. एकाच परिसरात हा विषय पुन्हा पुन्हा कोरला जावा, ही बाब अर्थपूर्ण आहे.

या शिल्पांत फासे किंवा पट यांना फारसे महत्त्व दिलेले नाही. शिल्पकाराचे लक्ष खेळणाऱ्या दोघांवर आहे. कोणी जिंकले, कोणी हरले, आणि हरल्यानंतर दोघांमध्ये काय घडले, याकडे पाहणाऱ्याची नजर वळते. डॉन हँडेलमन आणि डेव्हिड शुलमन या अभ्यासकांनी १९९७ मध्ये शिवाच्या द्यूतावर स्वतंत्र ग्रंथ लिहून या विषयाकडे लक्ष वेधले. स्कंदपुराणाच्या केदारखंडातील कथेत पार्वती शिवाचे सर्व काही जिंकून घेते आणि शिव घर सोडून वनात निघून जातो. खेळ संपतो, पण खेळाचा परिणाम संपत नाही. दान एकदा पडले की ते मागे घेता येत नाही, आणि त्यानंतर दोघांनी एकमेकांशी कसे वागावयाचे हा प्रश्न पटाबाहेरचा असतो. हा मुद्दा पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

लीळाचरित्रातील प्रसंग :

या परिसराशी निगडित असलेला दुसरा आधार म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’. पैठण आणि वेरूळ ही दोन्ही स्थळे श्रीचक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत येतात. स्वामींच्या पूर्वायुष्यातील जी हकीकत या ग्रंथात आली आहे, तिच्यात द्यूताला निर्णायक स्थान आहे. भडोच येथे हरिपाळदेव या नावाने संसार करीत असताना त्यांना जुगाराचा नाद लागला. एकदा ते मोठी रक्कम हरले. देणे भागविण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसा हिच्याकडे तिचे दागिने मागितले. तिने ते देण्यास नकार दिला. या नकाराने त्यांच्या मनात विरक्ती उत्पन्न झाली आणि पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून त्यांनी घर सोडले.

या प्रसंगाकडे खेळाच्या दृष्टीने पाहिले असता दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. जुगारात हरणे ही दैवाची बाब होती. फासा कसा पडावा हे हरिपाळदेवांच्या हाती नव्हते. कमळाइसेचा नकार मात्र दैव नव्हते आणि कौशल्यही नव्हते. तो एक निर्णय होता. हार पुढच्या डावात भरून निघू शकली असती, पण या नकाराने दोघांच्या नात्याचा जो अर्थ उघड केला, तो पुन्हा झाकता येणारा नव्हता. महानुभाव पंथाच्या इतिहासात ज्या घटनेला एवढे महत्त्व आहे, तिच्या मुळाशी फाशाचे दान नसून एका व्यक्तीची निवड आहे.

मोक्षपट व सारीपाट – दोन भिन्न रचना :

पैठणजवळील आपेगाव हे संत ज्ञानेश्वरांचे मूळ गाव. ‘मोक्षपट’ या खेळाचे जनकत्व परंपरेने ज्ञानेश्वरांकडे दिले जाते. तथापि आज उपलब्ध असलेले पट बऱ्याच नंतरच्या काळातील आहेत. डॅनिश अभ्यासक जेकब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ मध्ये पूर्ण केलेला प्रबंध अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील पश्चिम भारतातील याच प्रकारच्या खेळांवर आधारलेला आहे. त्यामुळे ज्ञानेश्वरांचे जनकत्व ही श्रद्धेची बाब मानून, या खेळाचा लिखित इतिहास नंतरच्या काळातच शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

मोक्षपटाच्या घरांना सद्गुण, दुर्गुण व निरनिराळ्या लोकांची नावे दिलेली असतात. वैष्णव पटांत ७२ आणि जैन पटांत ८४ घरांची रचना विशेषत्वाने आढळते. शिडी वर नेते, साप खाली आणतो आणि अखेरचे स्थान वैकुंठाचे किंवा मोक्षाचे असते. या खेळात खेळाडूस एकच सोंगटी असते. दान पडेल तितकी घरे ती चालते. दया या घरावर जावे की क्रोध या घरावर, हे खेळाडू ठरवीत नाही. नीतीची शिकवण देणाऱ्या या खेळात नैतिक निवडीला जागाच नाही, ही त्यातील लक्षणीय विसंगती होय. खेळाडूने शिकावयाचे ते एवढेच की प्रवास दीर्घ आहे, घसरण अटळ आहे आणि पुन्हा चढत राहावयाचे आहे.

सारीपाटाची रचना याहून वेगळी आहे. चार पट्ट्यांचा क्रॉसासारखा पट, प्रत्येक पट्टीवर आठ घरांच्या तीन ओळी आणि चार रंगांच्या सोळा सोंगट्या असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. येथेही दान दैवाच्या अधीन आहे. परंतु पडलेल्या दानावर कोणती सोंगटी हलवावी, कोणती सुरक्षित ठेवावी, समोरच्याची मारावी की स्वतःची पुढे न्यावी, हे खेळाडू ठरवितो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये मोक्षपटाचे ‘सापशिडी’त आणि पचिसीचे ‘लुडो’त रूपांतर झाले. त्यांतील नीतिवाचक नावे हळूहळू गळून पडली, पण दैव आणि निवड यांचा हा भेद कायम राहिला. २०१६ मध्ये नवी मुंबईतील एका कंपनीने तयार केलेला ‘लुडो किंग’ हा मोबाईलवरील खेळ २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला, तेव्हा प्रत्यक्षात एक जुनाच पट नव्या पडद्यावर मांडला गेला होता.

मराठी भाषेनेही या खेळांच्या खुणा जपल्या आहेत. फासे उलटे पडणे, डाव साधणे, शह देणे, मात करणे, एखाद्याचे प्यादे होणे हे वाक्प्रचार खेळाच्या पटावरूनच व्यवहारात आले. त्यांतील काही दैवाचे आहेत, तर काही चातुर्याचे.

औरंगाबादचा ‘क्रीडाकौशल्य’ हा ग्रंथभाग या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. येथील पंडित हरिकृष्ण यांनी १८७१ च्या सुमारास ‘बृहज्ज्योतिषार्णव’ या संस्कृत ग्रंथात त्याचा समावेश केला. त्यात बुद्धिबळासह निरनिराळ्या खेळांचे वर्णन आले आहे. ज्योतिषाच्या ग्रंथात खेळांना स्थान मिळावे यात काही वावगे नाही. माणसाच्या हाती किती आहे आणि ग्रहांच्या अथवा फाशांच्या हाती किती आहे, हा प्रश्न दोन्हीकडे समान आहे.

कौशल्य, दैव आणि कायदा :

आधुनिक काळात या प्रश्नाला कायद्याचे रूप मिळाले. ब्रिटिश अमलाखालील मुंबई इलाख्यात १८८७ मध्ये जुगार प्रतिबंधक कायदा झाला. त्या वेळी औरंगाबाद हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. या कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळण्यात आले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चमारबागवाला खटल्यात कौशल्याच्या स्पर्धा व जुगार यांतील भेद अधिक स्पष्ट केला, तर १९६७ मध्ये रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. अशा प्रकारे कायद्याने खेळांचे दोन कप्पे केले – कौशल्याचे आणि दैवाचे. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाईन गेमिंगविषयक कायद्याने पैशांच्या ऑनलाईन खेळांपुरता हा भेद बाजूला सारला आणि पैसा पणाला लागतो की नाही, हा निकष पुढे आणला.

निवडीला मात्र या वर्गीकरणात स्वतंत्र जागा नाही. ज्या खेळात हाताचा वेग लागत नाही, फासा टाकावा लागत नाही आणि पैसाही लावावा लागत नाही, परंतु कोणाला वाचवावे व कोणाला सोडावे हे ठरवावे लागते, त्या खेळाला कोणत्या कप्प्यात ठेवावयाचे? कायद्याला या प्रश्नाचे उत्तर देण्याची गरज नाही. खेळाडूला मात्र ते द्यावे लागते.

ॲक्शन खेळाची घडण :

२००० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील लहानमोठ्या शहरांतून सायबर कॅफे सुरू झाले. ‘काउंटर-स्ट्राइक’ (२०००), ‘प्रोजेक्ट आय.जी.आय.’ (२०००), ‘व्हाइस सिटी’ (२००२) या खेळांनी एका पिढीचे खेळण्याचे संस्कार घडविले. पुढे २०१८ पासून ‘पब्जी मोबाईल’ने हेच संस्कार खिशातील फोनवर आणले. केंद्र शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी घातल्यानंतर जुलै २०२१ मध्ये भारतासाठीची स्वतंत्र आवृत्ती आली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने तयार केलेला आणि २०२० मध्ये प्रकाशित झालेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला खेळही मुख्यतः लढाईचाच आहे. त्यातील मुलगी आपल्या भावाचा शोध घेते. खेळाडूने तिला लढवत पुढे न्यावयाचे असते.

या सर्व खेळांत एक समान सूत्र आहे. चूक झाली की खेळाडूचे पात्र मरते, आणि लगेच पुन्हा उभे राहते किंवा नवा डाव सुरू होतो. मरण येथे शिक्षा नसून सरावाचा भाग आहे. दहा वेळा मेल्यानंतर अकराव्या वेळी जमते, आणि आधीची दहा मरणे कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. काय करावयाचे हे ठरलेलेच असते. प्रश्न असतो तो कसे आणि किती चपळाईने, एवढाच. अशा खेळाडूचे डोळे, कान आणि बोटे अत्यंत तरबेज होतात. ही कमाई हलकी लेखण्याचे कारण नाही. मल्लखांब किंवा दांडपट्टा यांतही शरीराला विचार करण्यापूर्वी हलावयास शिकविले जाते.

निवडप्रधान खेळ आणि खेळाडूचा गोंधळ :

वाचकाने किंवा प्रेक्षकाने कथेची दिशा ठरविण्याची कल्पना संगणकाहून स्वतंत्रपणेही वाढली. १९६७ मध्ये माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात ‘किनोऑटोमॅट’ हा चेकोस्लोव्हाकियाचा चित्रपट दाखविण्यात आला. त्यात प्रेक्षक बटण दाबून पुढे काय व्हावे यावर मतदान करीत. गंमत अशी की, कोणताही कौल दिला तरी अखेरीस इमारत जळत असे. अमेरिकेत १९७९ पासून वाचकालाच वाट निवडावयास लावणारी मुलांची पुस्तके लोकप्रिय झाली. संगणकावर या प्रकाराला ‘द वॉकिंग डेड’ (२०१२), ‘लाइफ इज स्ट्रेंज’ (२०१५) आणि ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’ (२०१८) यांनी व्यापक लोकप्रियता मिळवून दिली. भारतात कोलकात्याच्या लीना केजरीवाल यांच्या प्रयत्नातून आलेल्या ‘मिसिंग’ (२०१६) या खेळात खेळाडूला मानवी तस्करीत सापडलेल्या मुलीच्या जागी राहून निर्णय घ्यावे लागतात. गोव्यातील फ्रॉस्टवूड इंटरॲक्टिव्ह या लहानशा संस्थेचे ‘रेनस्वेप्ट’ (२०१९) आणि ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हे खेळही लढाईपेक्षा कथेलाच प्राधान्य देतात.

ॲक्शन खेळाला सरावलेला खेळाडू ‘द वॉकिंग डेड’ उघडतो तेव्हा त्याची पहिली अपेक्षा लढाईची असते, कारण कथा मृतांच्या हल्ल्याची आहे. परंतु हल्ल्याचे प्रसंग मोजके आणि सोपे आहेत. बहुतांश वेळ ली या पात्राच्या तोंडून कोणते वाक्य बोलावयाचे, हेच ठरवावे लागते. त्यासाठी काही क्षणच मिळतात. संवाद म्हणजे दोन लढायांमधील विश्रांती, अशी सवय झालेला खेळाडू वाट पाहत राहतो आणि वेळ संपते. तेव्हा खेळ थांबत नाही. गप्प राहणे हेच त्याचे उत्तर म्हणून नोंदविले जाते आणि समोरची पात्रे त्यानुसार वागू लागतात. ज्याच्या बोटांचा वेग हीच त्याची मिळकत, त्याला येथे प्रथमच कळते की काही न करणे हीदेखील एक कृती आहे.

हा अनुभव भारतीय वाचकाला अपरिचित नाही. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदी जेव्हा प्रश्न विचारते की युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावले की तिला, तेव्हा सभेतील ज्येष्ठ तिला न्याय देऊ शकत नाहीत. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून प्रश्न अनिर्णित ठेवतात. विकर्ण मात्र बोलतो. पुढील सर्व विनाशात त्या सभेच्या मौनाचाही वाटा आहे. याच पर्वात दुसरी संधीही येते. धृतराष्ट्राने दिलेल्या वरांमुळे पांडवांना सर्व काही परत मिळते. खेळाच्या भाषेत डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तरीही युधिष्ठिर अनुद्यूताला बसतो आणि वनवास ओढवून घेतो. दुसरी संधी मिळाली म्हणून निर्णय सुधारतोच असे नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

‘डेट्रॉइट’मध्ये हा भेद अधिक स्पष्ट होतो. तीन प्रमुख पात्रांपैकी एखादे मेले तरी कथा पुढे चालू राहते. काही पात्रे मेल्यास ती तिच्यातून वजाच होतात. चुकीचे बटण दाबणे, उशीर करणे किंवा चुकीच्या माणसावर विश्वास ठेवणे यांचा परिणाम पुढच्या प्रकरणांत भेटत राहतो. ॲक्शन खेळाडूचा सर्वांत मोठा आधार, म्हणजे मरण पुसले जाण्याची खात्री, येथे काढून घेतला जातो.

आक्षेप व त्यांचा विचार :

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ही निवड खोटी आहे. ‘किनोऑटोमॅट’ची इमारत जळतेच, ‘द वॉकिंग डेड’च्या पहिल्या पर्वात कोणताही मार्ग घेतला तरी लीचा शेवट टळत नाही. सर्व वाटा लेखकाने आधीच आखलेल्या असतात. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु मृत्यू अटळ असूनही लीने मरताना लहानग्या क्लेमेंटाइनवर कोणता भार टाकावा, हे खेळाडूलाच ठरवावे लागते. शेवट ठरलेला असला तरी त्या शेवटापर्यंत कसे जावे, हा प्रश्न निरर्थक ठरत नाही. मोक्षपट आणि सारीपाट यांतही अखेरचे घर ठरलेलेच असते.

दुसरा आक्षेप असा की, खेळाडू जुनी नोंद उघडून निर्णय बदलू शकतो. ‘डेट्रॉइट’ तर प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस न घेतलेल्या वाटांचा नकाशाच दाखविते. हे खरे आहे, आणि ॲक्शन खेळाडू सवयीने तेच करतो. मात्र तसे करताना त्याला जाणवते की, निशाणा चुकल्यावर पुन्हा खेळणे आणि एखाद्याला वाऱ्यावर सोडल्यावर पुन्हा खेळणे या दोन सारख्या गोष्टी नाहीत. पहिल्यात तो आपला हात सुधारतो. दुसऱ्यात तो आपली पहिली प्रतिक्रिया लपवितो. आपण पहिल्या क्षणी काय निवडले होते, हे त्याला ठाऊक असते. या खेळात पैसा पणाला लागत नाही. स्वतःविषयीची समजूत पणाला लागते.

निष्कर्ष :

१) वेरूळची शिल्पे, ‘लीळाचरित्र’ आणि पारंपरिक पटखेळ यांवरून असे दिसते की, या भूप्रदेशात खेळाचा विचार केवळ हार-जीत या चौकटीत झालेला नाही. खेळानंतर माणसे एकमेकांशी कशी वागतात, हा त्यातील मध्यवर्ती प्रश्न आहे.
२) मोक्षपटात दैव प्रधान आहे, सारीपाटात दैव व निवड यांचा मेळ आहे, तर ॲक्शन खेळात कौशल्य प्रधान आहे. निवडप्रधान संगणकीय खेळ हा या परंपरेला सर्वस्वी परका नसून तिच्यातील निवडीचा घटक स्वतंत्रपणे विकसित करणारा प्रकार आहे.
३) कौशल्य आणि दैव या दोन कप्प्यांत खेळांची विभागणी करणारी कायद्याची दृष्टी तिच्या हेतूपुरती योग्य असली, तरी खेळाचा सांस्कृतिक अर्थ समजून घेण्यास अपुरी आहे.
४) ॲक्शन खेळाडूला निवडप्रधान खेळात जाणवणारा गोंधळ हे त्याच्या अपात्रतेचे लक्षण नाही. ‘कसे करावे’ या प्रश्नाकडून ‘काय करावे’ या प्रश्नाकडे होणाऱ्या संक्रमणाची ती खूण आहे.

पालक आणि शिक्षक मुलांच्या खेळांविषयी बोलताना बहुधा किती वेळ खेळला, एवढेच विचारतात. तो प्रश्न आवश्यक आहेच. त्याच्या जोडीला खेळात कोणता निर्णय घेतला आणि का घेतला, हेही विचारले गेले पाहिजे. मराठवाड्यातील घरांतून आजही सापडू शकणारे जुने पट, सोंगट्या व कवड्या यांचे आणि ते खेळलेल्या वृद्धांच्या आठवणींचे संकलन स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेतल्यास या इतिहासाची साधने जपली जातील. चक्रधरस्वामी आणि ज्ञानेश्वर यांच्या या प्रदेशात निवडीवर आधारलेल्या मराठी कथाखेळांना सामग्रीची वाण पडू नये. फासा हातातून सुटल्यानंतर माणसाने काय करावे, हा प्रश्न वेरूळच्या कातळात सुमारे चौदाशे वर्षांपासून कोरलेला आहे. नव्या पडद्यावरही तोच विचारला जात आहे.